नवरदेव आणायला गेलो त्याची हकिकत

नांदुरा, कार्तिक वद्य नवमी

साखरखेर्डा मुक्कामी आमचे होणारे सोयरे हिंमतराव यांना नारायणरावाचा हात जोडून रामराम. आपली कंबर आता कशी आहे? थंडीत फार चालू नका. बसून राहिलात तरी कंबर धरतेच म्हणतात, मग नेमके काय करावे ते मलाही सुचत नाही.

आपले पत्र पोचले. फुटबॉल खेळणारी पोरं सरकार थेट पलटणीत नेते, तेव्हा दिगंबरला अमरावतीच्या कॉलेजातून आणून घरी ठेवा, नाही तर सोयरीक मोडली समजा, असे आपण लिहिलेत. पत्र मी तीनदा वाचले. (नातू एकुलता, आणि उंची नेमकी शिपायाची. लहानपणी दूध थोडे कमी पाजले असते तर आज ही वेळ आली नसती.) त्याच्या टीममधले चौघे खरेच लढाईवर गेले आहेत.

मी आणायला निघणार, तर तोच इकडे आला. युनिव्हर्सिटीच्या सामन्यासाठी जबलपूरची टीम अमरावतीला चालली होती. लष्करी गाड्यांना वाट देता देता तिची गाडी नांदुऱ्यालाच खोळंबली. म्हणून अमरावतीवाले इकडे आले आणि सामना कापूस बाजाराच्या मैदानात ठरला. मी बैलगाडी जुंपूनच कडेला उभी केली. खेळ संपला की नवरदेव उचलायचा आणि घरी न्यायचा, एवढाच बेत.

चेंडू एकच होता. रबर सगळे लढाईत गेल्यामुळे आमच्या वहाब पंक्चरवाल्याने त्याच्या पोटाला ठिगळ लावलेले. लाथ एका बाजूची खाई आणि जाई दुसरीकडे. असाच तो उडून माझ्या गाडीत पडला. बैल बुजले, कासरा हातातून सुटला, आणि हिंमतराव, काय सांगू, गाडी, मी आणि चेंडू असे तिघेही जबलपूरच्या दोन बांबूंमधून पार! (त्यांचा गोलवाला आधीच पळाला होता.) वहाब ओरडला, "गोल झाला हो नारायणराव!" पण शिट्टीवाल्या मास्तरांनी तो मोजला नाही. जबलपूरचा कप्तान वर तोंड करून मला विचारतो, "बाबाजी, ये बैल कौन-से साल में पढ़ते हैं?" मी म्हटले, "तुमच्या गोलवाल्यापेक्षा दोन यत्ता पुढं आहेत बे!"

मग मला काय झाले ते मला ठाऊक नाही. गाडीवर उभा राहून मी ओरडत होतो, "काऊन उभा आहेस बे, दिगंबर! पळ! अडव त्याले!" फेटा सुटला, तो कोणी उचलला ते अजून कळलेले नाही. अगदी शेवटी दिगंबरने डोक्याने चेंडू हाणला (त्याच डोक्याला मुंडावळ्या बांधायच्या आहेत!) आणि आपण जिंकलो. वहाबने त्याला खांद्यावर घेतले, मी वहाबला मिठी मारली, आणि तिघेही कापसाच्या ढिगात पडलो. घरी आल्यावर दिगंबरची आजी म्हणते, "नवरदेव आनाले गेलते का तमाशा कराले? आवाज कुठी ठेवून आले?"

तात्पर्य, पोरगा सुखरूप घरी आहे, पलटणीचे कोणी आले नाही, आणि मार्गशीर्ष शुद्ध दशमीची तिथी आमच्याकडून पक्की. आपण निश्चिंत असावे. मी नसतो, पण तो माझा स्वभाव आहे.

आपला,
नारायणराव

ता. क. – जिंकल्यामुळे आता आपल्या टीमचा नागपूरला शेवटचा सामना आहे, तो नेमका दशमीलाच. तरी तिथी चार दिवस पुढे ढकलावी. कारण आपल्याकडचे सांगावे, म्हणजे नवरीच्या मामाला रजा मिळत नाही, असे काहीतरी.

आणखी ता. क. – हे दिगंबरला कळू देऊ नये. आपल्या शब्दाखातर त्याने खेळ सोडला आहे. दोन दिवस झाले, मी त्याला समजावून राहिलो, तर मलाच म्हणतो, "आजोबा, सामना काय, पुढच्या वर्षीबी होईन. लगन होऊन जाऊ द्या." आजकालच्या पोरांना जबाबदारी म्हणून काही कळतच नाही!