कालची बातमी चालणार नाही

प्रिय भिंगरी,

आधी मुख्य ते सांगून टाकते, नाहीतर पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला भलतंच काही वाटायचं. तुझे बाबा बरे आहेत. घरी आहेत, जेवतात, आणि माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की तसं तोंडावर सांगतात. मी म्हणजे तुझी समोरच्या दाराची काकू, शिलाई मशीनवाली. दिवसभर जिने चढउतार करून तू सगळ्या इमारतीचं डोकं उठवायचीस, तेव्हा भिंगरी हे नाव मीच ठेवलं होतं. तू सहा वर्षं इकडे फिरकली नाहीस म्हणून मी काही ते परत घेणार नाही.

साथ आली, सगळं बंद झालं आणि आपल्या इमारतीतली नऊही दारं लागली. मग आम्ही फोनची साखळी काढली. रोज सकाळी आठला मी तुझ्या बाबांना फोन करायचा, त्यांनी वरच्या कुलूपवाल्या आजींना, आजींनी पुढच्या घरी, असं करत शेवटी तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनने मला. साडेनऊपर्यंत त्याचा फोन आला की नऊ घरं ठीक. (आजी तुला आठवतील, कुलूप तीनतीनदा ओढून बघणाऱ्या. आता बाहेर जायचंच नाही तरी ओढतात.) गंमत बघ, तुझ्या बाबांचं दार माझ्यापासून चार पावलांवर, त्यांच्या फोनची घंटा मला घरात ऐकू येते, आणि तरी मी रोज फोन लावून विचारायची, कसे आहात म्हणून. औषधं, ब्रेड, भाजी जे लागेल ते इलेक्ट्रिशियन आणून प्रत्येकाच्या कडीला पिशवी अडकवून जायचा. मी जुन्या चादरी फाडून मास्क शिवले. अर्धी इमारत एकाच निळ्या फुलांच्या तोंडाने फिरत होती.

पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. आजी दोन दिवस तापाने फणफणल्या होत्या आणि फोनवर मात्र मी बरी आहे म्हणून मोकळ्या होत होत्या. तेव्हा तुझ्या बाबांनी नियम केला. तुला माहीतच आहे, जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, नियमाशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. नुसतं बरं आहे म्हटलेलं धरायचं नाही. प्रत्येकाने रोज एक ताजी बातमी द्यायची, आपल्या घरातली, आणि ती पुढे पुढे पोचवायची. ज्याला बातमी सुचत नाही किंवा जो कालचीच आज देतो, त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची, कारण त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण त्या नियमाने दोन आजारी माणसं वेळेवर सापडली.

पण बंद घरात रोज नवी बातमी आणायची कुठून गं? मशीनची सुई मोडली, दूध उतू गेलं, खिडकीत मांजर आलं, हे सगळं पंधरा दिवसांत संपलं. एका सकाळी मी सुईचीच गोष्ट पुन्हा सांगायला लागले तर तुझे बाबा फटकन म्हणाले, ही गेल्या आठवड्यातली, कालची बातमी चालत नाही तर ही कशी चालेल. माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून बघतेस. मी बोलून गेले की काल भिंगरीचा फोन आला होता, तुमची चौकशी करत होती.

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, बरं, पुढे कळवतो. आणि कळवलं की त्यांनी! नऊ घरांत तिखटमीठ लागून साडेनऊला इलेक्ट्रिशियनने तीच बातमी मला ऐकवली: सगळं उघडलं की भिंगरी घरी येणार आहे. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून सगळी इमारत विचारू लागली, आज काय म्हणाली? मग मी रोज थोडं थोडं तुझ्या नावावर खपवत गेले. तुला सर्दी झाली होती, ती बरी झाली. बाबा भाजी नीट खातात का, असं तू विचारलंस. हसू नकोस, आणि रागावूही नकोस, निदान पत्र संपेपर्यंत तरी.

पाचव्या आठवड्यात तुझ्या बाबांनी मला खिडकीवरच्या कबुतराची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच, शब्दाला शब्द. मी फोन ठेवला आणि चप्पलसुद्धा न घालता त्यांच्या दाराशी गेले. आतून खोकला येत होता. इलेक्ट्रिशियनने बोटाला लावून ऑक्सिजन मोजायची चिमटी आणून कडीला अडकवली, त्यांनी ती लावली आणि आकडा सांगेनात. शेवटी सांगितला तो अठ्ठ्याऐंशी. हॉस्पिटलमध्ये चला म्हटलं तर नाही. उद्या बघू म्हणाले.

उद्या बघू! हे दोन शब्द आपण दोघींनीही ऐकलेत. तुझ्या आईच्या वेळी तीन दिवस ते हेच म्हणत राहिले आणि चौथ्या दिवशी उशीर झाला. हॉस्पिटलच्या दारात, सगळ्यांच्या देखत, तू त्यांना म्हणालीस, तुम्ही उशीर केलात. महिन्याभरात तू शहर सोडलंस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. त्या तीन दिवसांत वहिनींना मीही रोज बघत होते, आणि थकवा असेल, झोपा जरा, असं त्यांना मीच म्हटलं होतं. तू बापाला बोललीस, मी मागे उभी राहून ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. सहा वर्षं मला ते डाचतं आहे.

म्हणून त्या दिवशी बंद दाराला तोंड लावून मी ओरडले. म्हटलं, भिंगरीने निरोप दिलाय: आईच्या वेळी झालं ते झालं, बाबा, या वेळी उशीर करू नका. हे तू म्हणाली नव्हतीस. तुझ्या तोंडी हे घालायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण दहा मिनिटांत ते बूट घालून, पिशवी घेऊन बाहेर आले आणि इलेक्ट्रिशियनने बोलावलेल्या गाडीत मुकाट्याने बसले. सतरा दिवस तिथे होते. त्यातले सहा दिवस डॉक्टर आम्हाला धड काही सांगत नव्हते. साखळी चालूच होती, फक्त माझ्या पुढचं घर गाळून मी थेट आजींना फोन करायची, आणि तो नंबर फिरवताना रोज रडायची.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. घरी आल्यापासून त्यांनी धोशा लावलाय की पोरीला स्वतः फोन करायचा. पहिल्या वर्षी तू नुसता पत्ता आणि नंबर लिहिलेलं कार्ड पाठवलं होतंस, ते त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कपाटातून त्यांचे कपडे काढून देताना मी पाहिलं आणि पत्ता उतरवून घेतला. नंबर घेतला नाही, तो फिरवायचा हक्क त्यांचा, आणि फोनवर कबुली देताना मी आणखी एखादी थाप मारली असती. टपाल उशिरा पोचतं, आणि हे पत्र त्यांच्या फोनाआधी तुला मिळायला हवं, म्हणून त्यांना सांगितलंय की डॉक्टरांनी पंधरा दिवस जास्त बोलायला मनाई केलीये. ही माझी शेवटची थाप. वीस तारखेच्या रविवारी, सकाळी दहाला, ते तुला फोन करतील. पहिलं वाक्य त्यांनी मला म्हणून दाखवलंय: या वेळी मी उशीर केला नाही. कधी कधी वाटतं, त्यांना सगळं ठाऊक असावं. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत पाठवणारा माणूस, त्याने मला एकदाही विचारलं नाही की फोन किती वाजता आला, आवाज कसा होता. ते तूच त्यांना विचार. तू असं काही म्हणाली नव्हतीस हे सांगायचं असेल तर खुशाल सांग, मी तोंडघशी पडायला तयार आहे. फक्त फोन उचल, आणि ते एक वाक्य त्यांना पुरं करू दे. दहा वाजता मी दार उघडं ठेवून बसणार आहे. ते फोनपाशी खुर्ची ओढतात तो आवाज इकडे येतो, बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा ती काळजी करू नकोस.

तुझीच,
समोरच्या दाराची काकू