वजनाच्या गुरुवारी आलेले पाहुणे

बाई, मागच्या महिन्यात आपल्या वस्तीवर नगरच्या हॉस्पिटलची माणसं येऊन गेली. नगरला आता अहिल्यानगर म्हणतात, पण तुम्हाला नगरच कळेल. तिथलं एक मोठं खासगी हॉस्पिटल दरवर्षी जिल्ह्यातल्या चार-दोन छोट्या संस्थांना अनुदान देतं, गावागावांत आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना. तुम्ही रिटायर झाल्यावर सुरू केलेली संस्था तुमच्यामागे मी ओढते आहे आणि तिचं काम अजून तेच आहे. दर गुरुवारी जीपने नर्सला घेऊन भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, पोरांची वजनं करायची, गरोदर बायकांना तपासायचं, अशक्त पोरांना खाऊ आणि औषध द्यायचं. आजवर मदत करणाऱ्यांनी यंदा हात आखडता घेतला. हे अनुदान मिळालं तर गुरुवार चालू राहणार, नाही तर बंद. इतकं सरळ होतं ते.

अर्ज मी पंधरा दिवस लिहीत होते. किती पोरं हाडं-कातडं झालीत, कोणाच्या पायावर सूज आहे, ओढ्याला पाणी आलं की अडलेल्या बाईला डोलीतून कसं खाली आणावं लागतं, सगळं लिहिलं, नावं न घेता. त्यांना अर्ज पसंत पडला. म्हणाले, एकदा येऊन बघतो. मी खुशीत वस्तीवर निरोप धाडला, की गुरुवारी मोठ्या डॉक्टरीणबाई आणि ऑफिसातले एक साहेब येणार आहेत. एवढाच निरोप. या बायकांत अर्धं आयुष्य काढून पुढे काय होणार ते मला कळायला नको होतं का?

गुरुवारी पोचलो तर वस्ती ओळखू येईना. अंगणं सारवलेली, दारात रांगोळ्या, पोरं तेल चोपडून, काजळ घालून ओळीने बसवलेली. पुढची दोन गुबगुबीत पोरं तर मी कधी पाहिलीच नव्हती. ती खालच्या गावातल्या दुकानदाराची, खास उसनी आणलेली. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्यातलं एकही पोर तिथे नव्हतं. ती अडीच वर्षांची, अजून पाऊल न टाकलेली मुलगी, जिला आम्ही दर आठवड्याला मांडीवर घेऊन भरवतो, तीसुद्धा नाही. वस्तीतल्या सगळ्यात जुन्या आजीला मी बाजूला घेतलं.

"तिला धाडली मामाकडं, डोंगरापल्याड," आजी म्हणाली.

"आणि ती पाय सुजलेली गरोदर सून?"

"ती रानात बसलीया. एवढी मोठी मानसं आपल्या दारी आली, त्यांच्याम्होरं काय दुखनी मांडून बसायचं व्हय? तुजी मान खाली गेली आसती न्हवं!"

माझी मान. हे सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, बाई.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, साध्या होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी स्वतः पोरं काट्यावर ठेवली आणि एकेक वजन चांगलं निघालं. मग जेवण झालं. नागलीची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, वर आग्रह. साहेबांना घाम फुटला तरी वाढणं थांबेना. हात धुतल्यावर डॉक्टरीणबाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या अर्जात वेगळंच चित्र होतं हो." तिथे माझं एक वाक्य पुरलं असतं. चला, डोंगरापलीकडे जाऊन येऊ, अर्ध्या तासाची चाल आहे. मी ते बोलले नाही.

आरोग्य उपकेंद्रामागचं तुमचं नर्सचं क्वार्टर मला दिसतंय. मी एकोणीस-वीस वर्षांची, तुमच्या हाताखाली नवी. पुण्याहून कॅमेरे घेऊन पाहुणे आलेत आणि मी उत्साहाने एका पोराचा सदरा वर करून त्याच्या बरगड्या त्यांना दाखवते आहे.  ते गेल्यावर तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवता, गवती चहाची पाती तोडून टाकता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "त्याची आई दारात उभी होती. तिच्याकडे पाहिलंस का?" मी म्हणते, पण बाई, मदत मिळेल ना. "मिळेल की. पण ती बाई परत आपल्याकडे येईल का?" तुम्ही देवळाली प्रवराच्या बागायतीतून आलेल्या, डोंगरात तुमचं नात्याचं कोणी नव्हतं, तरी बायका अंगावर काढलेलं दुखणं फक्त तुम्हाला सांगायच्या.  त्यानंतर मी कुठल्याच पोराचा सदरा वर केला नाही.

महिनाभर मी हेच घोकते आहे, की बाईंनी शिकवलं म्हणून मी गप्प बसले. तुमचा रागही येतो. तुमच्या पाठीशी सरकारी नोकरी होती, सरकारी औषधं होती, माणसांची अब्रू राखणं तुम्हाला परवडत होतं. मला एका दुपारपुरती ती अब्रू सोडता आली असती तर गुरुवार वाचला असता.

उत्तर आलं. सभ्य भाषेत लिहिलंय, की ज्या भागात गरज अधिक आहे त्यांना प्राधान्य द्यावं लागलं. परवाच्या गुरुवारी आम्ही शेवटचं वर गेलो. ती मुलगी मामाकडून परत आली होती. मागच्या वेळेपेक्षा वजन उतरलंय. आता तिला कोण बघणार ते मला माहीत नाही. तिच्या आईने विचारलं, "पुढल्या गुरवारी खाऊ तोच आनाल ना?" आणि नर्स जीपमध्ये जाऊन रडत बसली.

आजीला मी सांगितलं, त्यांनी दुसरं गाव निवडलं.  ती म्हणाली, "मंग आमचं काय कमी पडलं? मटन करायला पायजे हुतं का? पुढल्या साली भिंतीलाबी चुना मारू." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. पुढल्या साली अर्ज करायला संस्था उरणार नाही, हे मी सांगितलं नाही. त्यांचं काहीच कमी पडलं नव्हतं, हेही सांगितलं नाही. "बरं," म्हणाले आणि जीपकडे निघाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, पण असता तरी मी पाठवलं नसतं. वाचून झाल्यावर तुम्ही एवढंच विचारलं असतं, की त्या डॉक्टरीणबाई आणखी काय म्हणाल्या? म्हणाल्या होत्या, बाई. अर्जात वेगळं चित्र होतं म्हणाल्या आणि लगेच माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे एवढ्यात तुम्ही गाव बदलून टाकलंत! कमाल आहे तुमची." इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. तुमचं ते चहाच्या वेळचं बोलणं मला तेव्हा आठवलंच नाही, ते उतरताना घाटात आठवलं. वस्तीवर त्यांच्यासमोर उभी राहून मी नुसती हसले, आणि थँक्यू म्हणाले.