मुळाचं नाव

सांगली,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. नाथाजीस,
भामाक्काचा आशीर्वाद. इकडं समदं ठीक हाय. हरभरा काढून झाला. तुझी खबर तुझ्या यशराजनं कळवली. दवाखान्यात हाईस, वाचा गेलीय, मधीच डोळे उघडतोस, आणि प्रेशर काय केल्या वर येईना. हे पत्र तोच तुला वाचून दाखवंल. वाच बाळा, मधी थांबू नकोस.

तर नाथा, डॉक्टरची प्रेशर उतरवायची गोळी बी घेत हुतास आणि त्याच्यावरचं आपलं घरचं मूळ बी उगाळून पीत हुतास. दोन दगडांवर पाय! लय शहाणा की रं. आता डॉक्टर विचारत्यात, मूळ कुठलं? पोटच्या पोरालाबी तू सांगितलं न्हाईस. म्हणून त्याला आत्या आठवली. काल तीनदा फोन केला त्यानं. रडत हुता.

गेल्या श्रावणात आमच्या मालकांचं असंच झालं. मूळ तूच दिलं हुतंस. इथल्या डॉक्टरनं तुला फोनवर विचारलं, "आमची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. असली औषधं तुमच्यासारख्या वैदूंच्या मुळ्यांतूनच निघालीत. दोन्ही एक झालं असंल. नाव तेवढं सांगा." तू म्हणालास, "नाव सांगितलं की गुण जातो." सांजच्याला मालक गेले. तेराव्याला तू बुंदी मागून खाल्लीस.

एक गोष्ट आजवर कुणाला बोलले न्हाई. नाव मलाबी ठाऊक हुतं. आबांनी जाताना दोघांनाबी सांगितलं, गळ्याची आण घालून. त्या दिवशी मी डॉक्टरच्या शेजारीच उभी हुते, तोंडात पदर कोंबून. मालक माझ्याकडंच बघत हुते. बापाच्या आणेपायी मी नवरा घालवला, नाथा. तुझा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो. पण मला शिक्षा करायला कोण हाय? तू सापडलास.

यशराजला म्हटलं, असलं फोनवर बोलू नये, पत्रानं कळवते. साध्या टपालानं टाकत्ये. कोयनानगरला पोचायला चार-पाच दिस लागत्यात, ठाऊक हाय मला.

पोरा, आता पळ, डॉक्टरला सांग: अडकई. पुस्तकात तिला सर्पगंधा म्हणत्यात. आण मोडली बघ मी.

उशीर झाला असंल तर कळीव. तेराव्याला येईन. बुंदी करायला सांग.

तुझी थोरली बहीण,
भामा