धक्का नको

४ मार्च
गेल्या महिन्यात हृदयाचा झटका येऊन गेला, म्हणून डॉक्टर लबीबनी रक्तदाब मोजायचं यंत्र घरी दिलं. दोन्ही वेळा मोजा, मनाला काही लागलं तर तेही लिहा म्हणाले. छत्तीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या लोकांचे कोट शिवले, आता माझंच माप! नंतर मला बाहेर बसवून बायकोला, इन्शिराहला, आणि मुलाला, वगदीला, आत ठेवलं. आमचे चिरंजीव म्हणतात, "मीठ कमी करा म्हणाले, बाबा." मिठासाठी दहा मिनिटं?

९ मार्च
इन्शिराहने रेडिओ बंद केला. कुणी गेलं की घरातली गाणी बंद होतात – इथं कोण गेलंय? मी तर खुर्चीत बसलोय! म्हणते, डॉक्टरांनी शांतता सांगितलीय. डोळे सुजलेले. कांदा चिरला म्हणे. आज कांदा कशातच नव्हता.
१६४.

१० मार्च
माय-लेक दुपारभर बाहेर. दाताचा डॉक्टर म्हणे. एका दाताला दोघं!

१२ मार्च, शुक्रवार
सनिय्याचा फोन नाही. दमनहूरला असते बहीण, पण दर शुक्रवारी मला झापल्याशिवाय जेवत नाही. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून गप्प असणार. म्हणजे माझं काय ते तिलाही सांगितलंय यांनी.

१३ मार्च
कपाटामागे पिशवी सापडली. आत इन्शिराहचा सुतकातला काळा झगा, इस्त्री केलेला. माझी तयारी! लगेच यंत्र लावलं. १७८.
कुणाला सांगणार नाही, इथंच लिहितो. मला मरायचं नाहीये.

१५ मार्च
डॉक्टरांनी तपासलं. हृदय चांगलं सावरतंय म्हणाले, मग आकडे का चढले? मी झग्याचं सांगून टाकलं. ते इन्शिराहकडे वळले. "बाई, रोजच्या या धास्तीनं त्यांच्या हृदयावर ताण येतोय. काय लपवताय?"
ती रडायलाच लागली. "तुम्हीच म्हणालात ना, धक्का नको!"
सनिय्या नऊ तारखेला पहाटे गेली. झोपेतच. दाताच्या डॉक्टरचं नाव सांगून हे दोघं दमनहूरला मातीला जाऊन आले, नंतर भेटायला येणाऱ्यांत बसून आले. मला कुणी नेलं नाही.

१६ मार्च
रात्रभर रडलो. पण काल ते ऐकल्यावर सगळ्यात आधी मनात काय आलं, ते इन्शिराहला सांगता येणार नाही – 'म्हणजे मरणारा मी नाही.' हायसं वाटलं मला.