अकरा मिलिमीटर

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडायचं, तू तिकडून कोण-कोण म्हणत राहायचं आणि माझं दुखणं सगळ्या गल्लीला कळायचं, त्यापेक्षा पत्र बरं. निवांत बसून वाच. घाबरू नकोस.

माझा डावा खुबा पार झिजलाय. हाडावर हाड घासतंय म्हणे. गेले दोन महिने मागावर बसले की डाव्या पायाने पावडी दाबली जात नाही. दाबली की कळ थेट डोक्यात जाते. निळं कापड अर्धं विणून तसंच ताणलेलं आहे आणि मी रोज त्यावरची धूळ तेवढी झटकते. चाळीस वर्षं ज्या पायाने माग चालवला तोच असा रुसून बसला. दुखणं मी सोसेन रे, पण माग बंद पडला तर मी करायचं काय?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधा बदलायचा. तेही यंत्राच्या, म्हणजे रोबोटच्या मदतीने. आधी माझ्या कमरेचे फोटो काढले आणि त्यावरून कॉम्प्युटरवर माझाच खुबा उभा केला. आपलं हाड असं पडद्यावर फिरताना बघून कसंसंच झालं. डावा पाय उजव्यापेक्षा अकरा मिलिमीटर आखूड झालाय, तेही त्यात निघालं. इतका फरक चालताना जाणवला नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुखतं तेवढं कळतं, वाकडं चालल्याचं मला तर कधी कळलं नाही. त्यांना नवल वाटलं.

वीस तारीख ठरली आहे. तुझी भाची म्हणते करून टाक. पण तू हो म्हटल्याशिवाय माझा पाय उचलायचा नाही. दोन ओळी लिही आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. पाणी पिऊन परत वाचलं.

अगं, मी पंचावन्न वर्षं बूट शिवले. शाळा चौथीत सुटली, पण लोकांचे पाय वाचायला शिकलो. माणूस दारातून आत आला की त्याचं कुठे काय दुखतं ते मला टाच टेकण्यावरून कळतं. हे काम हाताचं आणि नजरेचं. त्यात लोखंडाच्या हाताला काय कळणार? मधेच वीज गेली तर? त्या यंत्राला शिंक आली तर? हसू नकोस, मी गंभीरपणे विचारतोय.

तरी वरच्या फळीवरचं चामडं काढून द्यायला शेजारचा घड्याळवाला आला होता, त्याला विचारलं. (फळीवर मी हल्ली चढत नाही, उगाच कशाला.) त्याच्या मेहुणीचं असंच झालंय. तो म्हणाला, यंत्र एकटं काही करत नाही, ते डॉक्टरांच्याच हातात असतं. आखलेल्या रेषेबाहेर हात जायला लागला की ते अडवतं, एवढंच त्याचं काम. हे मात्र मला पटलं. आमच्याकडेही फर्मा असतोच. लाकडाच्या त्या पायावर बूट ओढून बसवला की हात भरकटत नाही.

तेव्हा कर. माझा हो धर. पायाच्या लांबीचं म्हणशील, तर ते डॉक्टरांचं काम, त्यात मी काय बोलणार.

आणि त्या मागाची काळजी सोड. तू लहानपणी एका जागी ठरली असतीस तर तुझं नाव भिंगरी कशाला ठेवलं असतं? पाय बरा होईल. जपून राहा आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
दादा

दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं! जिवंत आहे, घरी आहे आणि खुर्चीत बसून लिहिते आहे. उंच खुर्चीत, कारण सहा आठवडे खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेतून फार वाकायचं नाही. या घरात सगळ्यांवर हुकूम चालवणारी मी, आता साधा रुमाल खाली पडला तरी लेकीला हाक मारते. तिला भलताच आनंद झालाय.

तू विचारशील म्हणून सगळं सांगते. कमरेखालचा भाग सुई देऊन बधिर केला आणि झोपेचंही काही दिलं. दीडेक तास लागला म्हणे. झिजलेली खोबण साफ करून त्यात वाटी बसवली आणि मांडीच्या हाडाला नवा गोळा. शुद्धीवर आले तर पाय जडशीळ, जणू दुसऱ्याचाच. मग दुखायला लागलं, ते खोटं कशाला सांगू? पण ते जखमेचं दुखणं. ती जुनी, रात्रंदिवस कुरतडणारी कळ मी अंथरुणात शोधत होते, ती सापडेना. दादा, मी रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं फार दुखतंय. त्यांनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उभं केलं. वॉकर धरून, दवाखान्याच्या सपाता घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. सरळ! व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून गोळ्या आहेत, सकाळ-संध्याकाळ व्यायाम आहे, पोटरी सुजली की लगेच कळवायचं आहे. तीन महिन्यांनी उंच बाकावर बसून माग चालवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

घरात अनवाणी फिरायचं नाही, पाय घट्ट धरणारे बूट हवेत, असंही सांगितलंय. मी लेकीला म्हटलं, मागावरसुद्धा मी मामाचेच बूट घालते, तेच काढ, त्यापेक्षा चांगले कुठे मिळणार? लांब दांडीच्या पट्टीने ती सकाळी अंथरुणावरच ते चढवते. आता चिंता सोड, पोटभर जेव, आणि धाकटीची आठवण असू दे.

तुझी,
भिंगरी

दि. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात फार नाचले, आता जमिनीवर आले आहे.

दादा, माझा डावा पाय लांब झालाय. दवाखान्यात काही वाटलं नव्हतं. घरी आल्यापासून मात्र दर पावलाला डावीकडून वर ढकलल्यासारखं होतं. पाठ भरून येते. आरशासमोर उभी राहिले तर एक खांदा वर, एक खाली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, सुरुवातीला असं वाटतं, स्नायू सैल व्हायला वेळ लागतो. मी धीर धरला. परवा दवाखान्यात नेलं. टेबलावर निजवून पाय मोजले, पुन्हा फोटो काढला. दोन्ही पाय अगदी बरोबरीचे! डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून दाखवलं. मी बूट घालून बाहेर आले आणि पुन्हा वाकडीच चालत घरी गेले.

म्हणजे आता दोष कोणाला द्यायचा? लेक म्हणते, आई, तुझ्या मनाचं आहे. असेलही.

काल मागासमोर उंच खुर्ची ओढून नुसतं बसून पाहिलं, पावडीला बुटाने अलगद स्पर्श केला. डावा पाय आधीच पोचतो, उजवा मागे राहतो. चाळीस वर्षांचा ताल गेला. गल्लीच्या टोकाला विणकाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना माग देऊन टाकायचं ठरवलंय. त्या रविवारी न्यायला येतील. अर्धं कापड कापून घेईन, उशीचे अभ्रे होतील.

तू ओरडू नकोस. कळ गेली हे काय थोडं झालं? तुझा जीव माझ्यात आहे, तेवढं पुरे.

तुझी,
भिंगरी

दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. रागावलीस तरी ते परत घेणार नाही.

हे पत्र पोचायच्या आत घड्याळवाल्याने तुला फोन केला असेल. बूट काढ, दवाखान्यातल्या सपाता घाल आणि माग कोणाला देऊ नकोस, एवढंच सांगायला मी त्याला बसवलं होतं. का, ते त्याच्यासमोर बोलायची लाज वाटली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी डॉक्टरीणबाईंना पत्र लिहायला बसलो. चांगलं दोन पानी. यंत्राला काय कळतं, हाताची सर कशाला येते, असं सगळं त्यात होतं. तुझ्या पायाचं माप नीट लिहावं म्हणून तुझा फर्मा खाली घेतला. डाव्या फर्म्याच्या टाचेवर माझीच पेन्सिलीची खूण होती. ती पाहिली आणि लिहिणं तिथेच थांबवलं.

अगं, बारा वर्षांपूर्वी तुझे बूट तळ बदलायला आले तेव्हाच झिजेवरून मला कळलं की तुझा डावा पाय कमी पडतोय. तुला सांगितलं असतं तर तू मानी, उंच टाचेचा बूट घालायला कबूल झाली नसतीस. म्हणून आतल्या अस्तराखाली चामड्याची एक चकती घातली आणि गप्प बसलो. चार वर्षांनी दुसरी. मग तिसरी. तुझी चाल सरळ राहिली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिलो. डॉक्टरांनी फरक सांगितल्याचं तू लिहिलंस, तेव्हाही मी सोयीस्कर मूग गिळून बसलो. पाय बरोबर झाल्यावर चकत्या काढायला हव्यात, हे माझ्या या शहाण्या डोक्यात आलंच नाही. यंत्राने पाय सरळ केला आणि मी तो पुन्हा वाकडा केला.

डाव्या बुटातलं टाचेचं अस्तर लेकीला उचलायला सांग, डिंकानेच चिकटवलंय. डॉक्टरीणबाईंना लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. असे चोरटे बूट आयुष्यात दोनच जोड केले, आता पुन्हा करणार नाही. हे पोटात घातलंस तर तुझा,

दादा

दि. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घड्याळवाले फोनवर इतके घाबरून बोलत होते की मला वाटलं बुटात विंचू आहे. मी अंथरुणावर बसून लेकीकडून बूट काढवून घेतले, सपाता चढवून घेतल्या, वॉकर धरला आणि उभी राहिले. दादा, घर सरळ झालं! जीव भांड्यात पडला. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी लेकीने हात जोडले आणि बस म्हणाली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी दहा मिनिटं तुझ्यावर चिडले, मग दिवसभर हसले. चकत्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिन्ही एकावर एक ठेवून मोजल्या. किती भरल्या असतील? अकरा मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, तुमच्या भावांना एकदा भेटायचंय.

मागवाल्या बाईंना परत पाठवलं. उंच बाक करायला दिलाय, जूनमध्ये निळं कापड पुरं करेन. चकत्या काढलेले बूट घालून लिहिते आहे. बारा वर्षं तू मला वाकू दिलं नाहीस, त्याचं मी काय करू ते सांग.

पण एक राहिलं. चोरटे बूट दोन जोड केलेस म्हणतोस. एक माझा. दुसरा कोणाचा? तू फळीवर चढत नाहीस. मागच्या वर्षी हातात काठी दिसली, ती शोभेची आहे म्हणालास. मी पाय वाचायला शिकले नसेन, पण तुझी पत्रं वाचते. तुझे बूट उघड आणि आत किती चकत्या आहेत ते खरं लिही. खोटं लिहिलंस तर पुढच्या गाडीने वॉकरसकट येईन.

तुझीच,
भिंगरी

दि. २८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

चार.

डॉक्टरीणबाईंची तारीख विचारून ठेव. येताना पायात बूट कोणते घालू, तेही त्यांनाच विचार. माझ्या बुटांवर माझा आता भरवसा राहिला नाही.

तुझा,
दादा