नेलपॉलिशची रेघ

प्रिय सूनबाई,

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस. तुझ्या नवऱ्याने कागद आणले तेच बिनरेघांचे, त्यामुळे माझ्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरतात. फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘हो आई, बरं आई’ म्हणून मोकळी होतेस, आणि मला तुझं ते ‘बरं’ नकोय. पत्र पुरतं वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही.

आधी घरचं सांगते. तुझा नवरा स्वयंपाक शिकतोय. काल त्याने केलेला भात पातेल्यातून काढायला पान्याची गरज होती. तरी मी दोनदा वाढून घेतला, कारण पोरगा तुझी वाट बघून अर्धा झालाय आणि तसं तुला सांगायची त्याची हिंमत नाही. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस.

आता आपल्या बोटीचं. त्या दिवशी भर पाण्यात इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं आणि बोट जागची हलेना, तेव्हा तू रेस कमी केलीस. हळू घेतलं की बोट पुढे सरकते हे ओळखलंस आणि भरलेली बोट मुंगीच्या पावलांनी धक्क्याला आणलीस. हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. लक्षात राहिलं ते तुझ्या चुलत सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, बोलणं. प्रवासी अजून उतरत होते तेवढ्यात त्यांनी धक्क्यावरूनच निकाल दिला, की पोरीने घाईत गिअर ओढला, आतले दाते गेले, आता इंजिन भंगारात. उभा जन्म बोट चालवलेल्या माणसाला उघडून बघायची गरज वाटत नाही. आणि तूही ते खरं धरलंस, किल्ली खुंटीला अडकवलीस, पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणालीस आणि माहेर गाठलंस. मी तुला अडवलं नाही, कारण काय बिघडलंय ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. खोटा धीर देणं मला जमत नाही.

तू गेल्यावर मी शेडचं दार लावून घेतलं आणि कामाला लागले. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात दोरी, जाळं काही अडकलंय का बघितलं, नव्हतं. गिअरची केबल शाबूत होती. मग गिअरचं तेल काढलं. दाते तुटले असतील तर तेलात लोखंडाचा चुरा उतरायलाच हवा. तुझा नवरा बॅटरी घेऊन आला, त्याला म्हटलं, ती राहू दे, मला बोटांनीच कळतं. चिमटीत तेल चोळून बघितलं तर लोण्यासारखं मऊ. एक कण नाही. गिअर टाकून पंखा हाताने फिरवायला गेले तर तो घट्ट, तसूभर ढळेना. सूनबाई, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. दाते जिवंत होते. पण मग बोट चालेना का?

माझा संशय गेला तो पंख्याच्या पोटातल्या रबरावर. दांड्यावर पितळेची नळी, तिच्याभोवती रबर, आणि रबराभोवती पंखा. पंखा ओंडक्यावर आदळला तर रबराने सरकायचं आणि गिअर वाचवायचे, एवढ्यासाठी बिचाऱ्याचा जन्म. म्हातारं झालं की ते फसवतं. हाताने ओढा, धरून बसतं. हळू चालवा, चालतं. जोर मागितला की हात सोडतं. हे सिद्ध करायचं तर नळीपासून पंख्यापर्यंत एक सलग रेघ ओढायची आणि बोट पळवून ती तुटते का बघायचं. रंगाचा डबा वाळून दगड झालेला. म्हणून तुझ्या कपाटातली ती लालभडक नेलपॉलिश घेतली. रेघ जाडजूड ओढली, नखाला लागेल अशी. बाटली बरीच संपली, रागावू नकोस.

पळवायला मुद्दाम भाऊजींनाच बोलावलं. चालवूनच दाखवतो म्हणून आले. मी म्हटलं, चालवा, पण सीट हलवायची नाही, ती सूनबाईच्या उंचीची आहे. एवढा ताडमाड माणूस, गुडघे कानाशी घेऊन बसला. सगळा धक्का बघायला जमलेला. थोडं लांब गेले, ऐटीत रेस दिली आणि इंजिन किंचाळलं, बोट ठप्प. त्यांनी आणखी रेस दिली, ते आणखी किंचाळलं. शेवटी मी काठावरून ओरडले, हळू घ्या भाऊजी, सूनबाईने घेतली तशी घ्या. मग आले एकदाचे. वाटेत एक बदक त्यांना मागे टाकून गेलं. तुझा नवरा हसून हसून खाली बसला.

इंजिन वर उचललं आणि मी नखाने रेघ चाचपली. अर्धी नळीवर जागच्या जागी, उरलेली पंख्याबरोबर फिरून पार दुसऱ्या अंगाला. भाऊजींचं बोट धरून त्यावरून फिरवलं. त्यांनी वाकून दोन्ही तुकडे नीट बघितले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, पोरीचं काही चुकलं नव्हतं, मी असतो तर रेस देत बसलो असतो आणि बोट धारेला लागली असती. माणूस तोंडाळ आहे, पण लबाड नाही. ते रबर तू या घरात येण्याआधीपासूनचं होतं. त्याच्या म्हातारपणाचा दोष तुझ्या माथी का? मला तुझा अभिमान वाटतो. तोंडाने म्हणायला मला अवघड जातं, म्हणून लिहून टाकलं.

नवा पंखा बसवलाय, बोट झकास पळते. एवढंच सांगायचं असतं तर फोनवर भागलं असतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ती रेघ मला दिसत नव्हती, सूनबाई, म्हणून नखाला लागेल अशी ओढली. गुरुवारी पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. भाऊजी म्हणतात मी नेतो, तुझा नवरा म्हणतो रस्त्याने गाडीने जाऊ. मी दोघांना सांगितलंय, माझी सोय झालेली आहे. जाताना थोडंफार दिसेल. येताना डोळ्यावर पट्टी असेल, दुसऱ्या डोळ्यापुढे धुकं असेल, आणि त्या वेळी स्टिअरिंगवर कोण बसलंय हे मला न बघता माहीत असायला हवं. बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. सीट कुणी हलवलेली नाही.

तुझीच,
आई