कावळा शिवण्याआधी जोतीरामने म्हणायची ओळ

मी, देवदत्त वामन शेंडे, वय अडुसष्ट, व्यवसाय चित्रपट-समीक्षा, राहणार शुक्रवार पेठ, सातारा. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही. फक्त पोटात जळते आहे, आणि ते आम्लपित्त नव्हे हे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. अशा स्थितीत हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. गोदावरीला, तिच्यामागे मुलगी ऋचाला. गोदावरी माझा रविवारचा 'दोन ओळींत सिनेमा' हा रकाना कधी वाचत नाही. आष्ट्याच्या जोतीराम थोरातचे व्हिडिओ लावून मात्र पोळ्या लाटते आणि खदखदा हसते. तरीही फ्लॅट तिलाच.

२. माझी कात्रणे वाचनालयाला, घेतील तर. अलीकडचे निकाल वाया जाऊ नयेत. तलवारपट: 'घोडे उत्तम. बाकी कोणाला अभिनय जमलेला नाही.' भूतपट: 'थिएटरातली लाइट गेली तेव्हाच काय ती भीती वाटली.' प्रेमपट: 'हे दोघे भेटले नसते तर आपण सगळेच सुखी असतो.'

३. बंद पडलेल्या थिएटरची बाल्कनीतली खुर्ची मालकांनी मला दिली, ती ऋचाला. जोतीराम एकदा तिच्यात बसून 'लय मऊ हाय' म्हणाला होता. कापड बदलून घ्यावे.

४. आता मुख्य बाब. हा जोतीराम फौजेतून निवृत्त, घरचा ऊस, आणि उद्योग काय, तर थिएटरबाहेर मोबाईल धरून पिक्चरचा निकाल सांगायचा. दिवाळीत सांगलीला एक मारधाडपट आम्ही शेजारी बसून पाहिला. सुटल्यावर चहाच्या गाड्यावर मी म्हणालो, "मध्यंतरापर्यंत रस, पुढे नुसते चिपाड." तो हसला, कप ठेवला, चार पावले बाजूला गेला आणि मोबाईलसमोर ओरडला, "गड्यांनो, इंटरवलपतुर रस, म्होरं निस्तं चिपाड!"

रविवारी माझा रकाना आला, त्यात हीच ओळ. सोमवारी मंडईत बयाबाई मेथीची जुडी देता देता म्हणाली, "आवं सर, तुमी बी आता जोतीरामचंच लिवता व्हय?"

मी त्याला फोन केला. म्हणाला, "आवं सर, वळ हवंत हुती, म्या धरली." हवेत! माझ्या तोंडातून त्याच्या कानात जाईपर्यंत जेवढी हवा लागते तेवढीच. आणि मेल्याच्या तोंडी ती माझ्यापेक्षा जास्त शोभते, हेच मला सहन होत नाही. जळतो मी त्याच्यावर. हे नोंदणी कचेरीतही वाचून दाखवावे.

५. दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवला नाही, की मंडळी माझी इच्छा ओळखायला लागतील. 'गोदावरीला सांभाळू, ऋचाचं बघू' असले काही बोलू नये. त्या दोघी चांगल्या खमक्या आहेत. जोतीरामने पुढे होऊन मोठ्याने म्हणावे, "चिपाडाची ओळ शेंडे सरांची." तो बोलण्याआधीच कावळा आला, तर ऋचाने त्याला हाकलावे.

६. दुसरा साक्षीदार जोतीरामच ठेवला आहे. एक, पुढे 'मला ठाऊक नव्हते' म्हणायला जागा नको. दोन, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले.

ठिकाण: सातारा. दिनांक: २४ फेब्रुवारी २०२५.
सही: दे. वा. शेंडे

साक्षीदार १: डॉ. सुमंत गोळे. प्रकृती तपासली, पोटासह.

साक्षीदार २: जोतीराम थोरात, आष्टा. वाचून सही केली. वळ सरांचीच हाय. कावळ्याला कशाला तरास? आजच व्हिडिओ टाकतो. सर, तुमी शंभर वर्सं जगा.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी: व्हिडिओ आला. ओळ माझी, असे त्याने स्वच्छ सांगितले. खाली जो तो लिहितो आहे, 'जोतीराम, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!' गोदावरीने तर डोळे पुसले. कलम पाच कायम ठेवावे.
दे. वा. शेंडे